पल्सरवर फोन चार्जिंग + गाणी : चार्जरची पिन लावली की स्पीकरमधून कुईं येतंय, मदत हवी आहे

मंडळी नमस्कार, जरा मदत हवी आहे. गाडी पल्सर १५०, जुनं मॉडेल, किक आणि सेल्फ दोन्ही असलेलं, बॅटरीवर १२ व्होल्ट ९ एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती साठतं ते) लिहिलंय. काम औषधांच्या एमआरचं, त्यामुळे कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने खाली चिपळूणला आणि परत असं फिरणं चालूच असतं. फोनवर दिवसभर मॅप, कंपनीचं रिपोर्टिंगचं ॲप, डॉक्टरांचे कॉल, म्हणजे दुपारी तीनपर्यंत फोनने मान टाकलेली असते आणि गाण्यांचं तर नावच काढायचं नाही.

म्हणून गावातल्या एका दुकानातून हँडलला यूएसबी चार्जर लावून घेतला आणि त्याच वायरवर एक छोटा १२ व्होल्टचा अँप्लिफायर, तीन इंची दोन स्पीकर लेगगार्डवर. अँपला ब्लूटूथ नाहीये, फोनमधून ऑक्सची (आवाज नेणारी) वायर जाते. नुसती गाणी लावली तर आवाज एकदम स्वच्छ. नुसता फोन चार्जिंगला लावला तरी काही नाही. पण दोन्ही एकदम केलं की कुईंऽऽ असा बारीक आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर पिळला की तो पण वर चढतो, गिअर टाकला की खाली येतो, म्हणजे आरपीएम काट्याकडे बघायची गरजच नाही, कानाने कळतं. लताबाईंच्या आवाजामागे हे कुईं चालू असलं की डोकं उठतं राव.

दुकानदार म्हणतो चायना माल आहे, असंच असतं. मला ते पटत नाही.

दुसरं म्हणजे मागच्या आठवड्यात गाडी तीनचार दिवस घरी उभी होती तर सेल्फ नुसता टकटक करत बसला, किक मारून चालू केली. बॅटरी तशी नवीन आहे. हे पण याच फिटिंगमुळे का?

आणि तिसरं, आता जूनपासून घाटात काय पाऊस असतो ते तिकडच्यांना सांगायला नको, त्यात हे सगळं टिकवायचं कसं? पॉवर बँक घेऊन मोकळा होऊ का? हेल्मेटमधले स्पीकर घेऊ का? बजेट फार नाही, दोन अडीच हजारात बसलं तर बरं. कुणी असलं काही केलं असेल तर सांगा.

प्रतिसाद १

भाऊ, दुकानदाराचं सोड. तू जे लिहिलंयस त्यातच उत्तर आहे, वेगवेगळं चालतं आणि एकत्र कुईं करतं म्हणजे हा ग्राउंड लूप. अँपचं निगेटिव्ह गाडीच्या बॉडीवर, चार्जरचं निगेटिव्ह पण बॉडीवर, आणि फोन दोघांच्या मध्ये ऑक्सच्या वायरने जोडलेला. मग त्या ऑक्सच्या निगेटिव्हमधून गाण्याशिवाय चार्जिंगचा करंट पण फिरतो, आणि इंजिनावर वीज बनवणाऱ्या मॅग्नेट कॉइलच्या सप्लायवर जी लहर असते ती अँपला गाणंच वाटते. इंजिन जोरात फिरलं की लहर जोरात, म्हणून सूर चढतो.

उपाय तीन. पहिला म्हणजे चार्जर आणि अँप दोन्हीची निगेटिव्ह वायर चासीवर कुठेतरी न टोचता सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला एकाच नटावर आण, फुकटात होतं आणि निम्मं काम होतं. दुसरा, ऑक्सच्या वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाक, बोटाएवढी डबी असते, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर, दोनतीनशेत मिळते, बेस किंचित कमी होतो पण लेगगार्डवरच्या तीन इंचीला बेस होता कुठे. तिसरा, ऑक्सच काढून टाक आणि ब्लूटूथ घे, वायरच नाही तर लूप कुठून येणार. फक्त ते स्वस्तातलं ब्लूटूथ बोर्ड परत त्याच सप्लायवर चालवलंस तर त्याचं स्वतःचं कुईं येऊ शकतं.

पिन काढूनही आवाज राहिला असता, आणि तो कुईं नसून टकटकटक असा असता, तर मग स्पार्क प्लगकडे संशय. तेव्हा रेझिस्टर वाला प्लग आणि कॅप बघायची. तुझ्या केसमध्ये ते नाही.

प्रतिसाद २

बॅटरीबद्दल लिहितो. दुकानदाराने वायर डायरेक्ट बॅटरीवरून मारलीय, पैज लाव. किल्ली काढल्यावर चार्जरवरची निळी लाईट चालूच राहते का बघ. चार्जरचा एलईडी, त्यातलं सर्किट आणि अँपचं स्टँडबाय मिळून समज ३० मिलीअँपिअर जरी खात असले तरी दिवसाला ०.७ एएच होतात, सहा दिवसात ९ एएच ची निम्मी बॅटरी गेली, आणि निम्म्या बॅटरीवर सेल्फ फिरत नाही. तुझी तीनचार दिवसातच बसली म्हणजे एकतर फिटिंग याहून जास्त खातंय नाहीतर आधीच पूर्ण चार्ज होत नव्हती.

दुसरं कारण आहे का ते मल्टीमीटरने बघ, दोनतीनशे रुपयाचा पण चालेल. सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. मग चालू करून हेडलाईट लावायचा, फोन चार्जिंगला, गाणी नेहमीच्या आवाजात, आणि ३००० आरपीएमच्या आसपास धरून बघायचं. १३.५ ते १४.५ मध्ये असेल तर गाडी तेवढं कमावतेय. १३ च्या खाली आलं तर तू कमाईपेक्षा जास्त खर्च करतोयस, मग कितीही नवी बॅटरी टाक, ती बसणारच.

हिशोब साधा आहे. फोन ५ व्होल्ट २ अँपिअरने चार्ज होतो म्हणजे १० वॅट, चार्जरमधला लॉस धरून बॅटरीकडून साधारण १ अँपिअर. हे काहीच नाही. अँपचं मात्र बघून, हळू आवाजात ४-५ वॅट, पण फुल्ल करून लेगगार्ड थरथरवलंस तर २५-३० वॅट सहज, म्हणजे जवळजवळ दुसरा हेडलाईट लावल्यासारखं, कारण तुझा हेडलाईटच ३५ वॅटचा आहे. ट्रॅफिकमध्ये, टोलनाक्याला गाडी आयडलवर असताना यातलं बरंचसं बॅटरीतूनच जातं.

उपाय रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठी लाईन चालू-बंद करणारा स्विच. कारचा चार पिनचा साधा रिले घे. त्याच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीचं पॉझिटिव्ह, मध्ये ५ अँपिअरचा फ्यूज, आणि तो फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा, चार्जरपाशी लावून उपयोग नाही कारण वायर मध्ये कुठे घासली तर जळायची ती वायरच. ८७ वरून चार्जर आणि अँप. ८५ ला निगेटिव्ह. ८६ ला अशी वायर जिच्यात किल्ली ऑन केल्यावरच करंट येतो, ब्रेक लाईटच्या किंवा हॉर्नच्या स्विचची मिळते, पण टेस्ट लॅम्प लावून बघ, रंगावर विश्वास ठेवू नको, आधी कुणीतरी हात घातलेला असतो. किल्ली काढली की सगळं बंद. वायर एक स्क्वेअर एमएमची, आणि नुसती पिळून टेप मारलेला जॉइंट नको, घाटात दोन महिन्यात सुटतो. लग (वायरच्या टोकाचा धातूचा तुकडा) क्रिंप म्हणजे दाबून बसव आणि वर हीट श्रिंक, गरम केली की आवळणारी नळी.

प्रतिसाद ३

माझा अनुभव स्कूटरचा आहे पण पावसाचं सांगते. मी तर म्हणेन पावसाळ्यात हँडलवर चार्जिंग विसरा. चार्जर वॉटरप्रूफ असतो हो, पण फोनचं टाईप सी उघडंच ना, थेंब गेला की स्क्रीनवर पाण्याची वॉर्निंग येते आणि चार्जिंग बंद, मग ते पोर्ट सुकेपर्यंत काही करता येत नाही. मी जून ते सप्टेंबर पॉवर बँक रेनकोटच्या आतल्या खिशात आणि फोन पण आतच, मॅप कानात ऐकायचा.

फक्त पॉवर बँकेवरचा मोठा आकडा बघून घेऊ नका. १०००० एमएएच हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं असतं, बाहेर ५ व्होल्टला येईपर्यंत सहा हजारच्या आसपास उरतात, मागे बारीक अक्षरात रेटेड कपॅसिटी म्हणून लिहिलेलं असतं ते वाचा. म्हणजे तुमचा फोन ५००० चा असेल तर एकदा भरून थोडं उरेल. एमआरच्या कामाला ते पुरतं.

आणि एप्रिल मे मध्ये उलटं, ऊन लागून फोन इतका तापतो की चार्जिंग स्वतःच थांबवतो, मग लोक म्हणतात चार्जर खराब. पॉवर बँक पण उन्हात टाकीवर ठेवू नका, लिथियम आहे ते.

प्रतिसाद ४

सगळे वायरिंगचं बोलतायत, मी वेगळं बोलतो, राग मानू नका. लेगगार्डवर स्पीकर लावून काय ऐकू येतं? साठच्या पुढे गेलं की हेल्मेटमध्ये वाराच वाजतो, मग माणूस आवाज वाढवतो, मग गावातून जाताना अख्ख्या पेठेला तुमची गाणी. पाटणच्या बाजारातून असा एकजण जातो, आला की आधी स्पीकर येतो मग तो.

हेल्मेटचे स्पीकर घ्या, ४० एमएमचे चपटे असतात, कानापाशी खाच असलेल्या हेल्मेटमध्ये बसतात. खाच नसेल तर थर्माकोल कापून जागा करू नका, तोच डोकं वाचवतो. आणि स्पीकर बरोब्बर कानाच्या भोकासमोर यायला हवा, अर्धा इंच इकडेतिकडे झाला तरी आवाज निम्मा वाटतो, लोक हे न बघता सेट परत करतात. त्याची बॅटरी त्याच्या आतच, गाडीच्या वायरला हात लावायचं कामच नाही, कुईंचा प्रश्नच मिटला. आवाज मात्र मागचा एसटीचा हॉर्न ऐकू येईल इतकाच, कुंभार्लीच्या वळणांवर तेच कामाला येतं. कानात घुसणारे इअरफोन नकोत, पोलीस पण धरतात.

फोनचं म्हणाल तर गाडी चालवताना मोबाईल फक्त रस्ता बघायला वापरता येतो असा नियम ऑक्टोबर २०२० पासून आहे, त्यामुळे स्टँडवर मॅप चालेल, पण चालत्या गाडीवर गाणी बदलत बसू नका.

प्रतिसाद ५

स्टँडवरून आठवलं. महागडा फोन असेल तर लोखंडी पंजा वाला स्टँड तसाच लावू नका, कॅमेरा जातो. २०२१ मध्ये ॲपलने स्वतः लिहिलं होतं की मोठ्या बाईकच्या इंजिनाच्या व्हायब्रेशनने आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं. रबरी डँपर वाला घ्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल वाटलं नव्हतं. संध्याकाळी सीट काढून बघितलं. वायर डायरेक्ट बॅटरीवरच आहे, फ्यूज नाहीच, आणि लाईट किल्ली काढल्यावर पण चालू. अँपची निगेटिव्ह टाकीखालच्या एका गंजक्या बोल्टवर होती. दोन्ही निगेटिव्ह बॅटरीच्या नटावर आणली, तर कुईं बरंच खाली गेलं, आयडलला जवळजवळ नाहीच, चार हजारच्या पुढे अजून थोडं येतं. मीटर शेजारच्या पोराकडून आणला, लोड टाकून १३.८ दाखवतोय, म्हणजे कमाई ठीक आहे.

आता ठरवतोय असं की लेगगार्डचे स्पीकर आणि अँप काढून टाकायचे (प्रतिसाद ४ वाले दादा, पेठेतून जाणारा तो मी नाही, पण मुद्दा पटला), हेल्मेटचा सेट घ्यायचा आणि गाडीच्या वायरवर फक्त फोनचा चार्जर ठेवायचा, रिलेवरून. पावसात पॉवर बँक. हेळवाकच्या पुढे रेंज जाते म्हणून गाणी डाऊनलोड करून ठेवतोच.

दोन शंका राहिल्या. एकट्या चार्जरला १ अँपिअरसाठी रिले लावायचा म्हणजे जास्त होतंय का? आणि रिले बसवायचा कुठे, हेडलाईटच्या मागे जागा आहे आणि सीटखाली पण आहे. हेल्मेटचा सेट आणि पॉवर बँक दोन्ही एकाच टाईप सी वायरने चार्ज होतील ना, नाहीतर बॅगेत वायरींचाच गुंता.

प्रतिसाद २ वाला परत

रिले नसला तरी चालेल तसं, १ अँपिअर ब्रेक स्विचच्या वायरवरून पण निघेल. पण उद्या तू फॉग लॅम्प लावणार, हिटरवाले ग्लोव्ह्ज लावणार, मी ओळखतो लोकांना, म्हणून रिले लाव. फ्यूज मात्र रिले असो नसो हवाच, चार्जर एकटा असेल तर २ अँपिअरचा पुरे, मिळाला नाही तर ३ चा टाक.

जागा सीटखाली. हेडलाईटमागे हँडल वळतं तशा वायरी वाकत राहतात आणि आत तुटतात, वरून दिसत पण नाही. रिलेच्या पिना खाली तोंड करून बसव म्हणजे पाणी गेलं तरी साचणार नाही, आणि चार्जरची वायर टाकीखालून नेताना हँडल दोन्ही बाजूला पूर्ण लॉक करून बघ, ताण येत नाही एवढी ढिली सोड. हेल्मेट सेटचं बॉक्सवर बघून घे, काही स्वस्तातल्यांना अजून जुनी मायक्रो पिन असते.