ड्युअल डिप्लॉयसाठी सोपा अल्टिमीटर कोणता?

प्रश्न: ४ इंची रॉकेट, ड्युअल डिप्लॉय (दोन पॅराशूट वेगवेगळ्या उंचीवर उघडणं) पहिल्यांदाच. सोल्डरिंग नको, पॅडवर लॅपटॉपही नको. कोणता अल्टिमीटर (उंची ओळखून पॅराशूट सोडणारं यंत्र) घ्यावा?

उत्तर: स्ट्रॅटोलॉगर सीएफ. स्क्रू टर्मिनल, ९ व्होल्टची बॅटरी. ड्रोग (छोटं पॅराशूट) शिखरावर, मेन (मोठं) ठरवाल त्या उंचीवर. चालू केल्यावर शेवटी वाजणारे बीप मोजा: ३ म्हणजे दोन्ही इग्नायटर (पॅराशूट ढकलणारी बारूद पेटवणारे) जोडलेले, १ फक्त ड्रोग, २ फक्त मेन. एगटायमर हा दुसरा अल्टिमीटर स्वस्त, पण ते सोल्डर करायचं किट, तुम्हाला नकोच.

उत्तर: खरा घोळ छिद्रांचा असतो, कारण अल्टिमीटर हवेच्या दाबावरून उंची ओळखतो. अल्टिमीटरच्या कप्प्याला १२० अंशांवर सारख्या मापाची ३ छिद्रं पाडा, नोजकोनपासून (टोकाच्या शंकूपासून) लांब, कडा घासून साफ. वायरींची भोकं मात्र बुजवा. चार्जचा (पॅराशूट ढकलणाऱ्या बारुदीचा) गॅस आत शिरला की दाब वाढतो आणि उंची चुकते.

उत्तर: बॅटरी झिप टायने आवळा, नुसत्या क्लिपवर भरवसा नको. स्विच मात्र रॉकेट लाँच रेलवर उभं केल्यावरच चालू करा.