मदत हवी आहे: ऑरगॅनिक लाल तांदूळ दुप्पट भावाने घ्यावा का?

घोडबंदरकर: सोसायटीत मुरबाडकडून पारंपरिक ऑरगॅनिक तांदूळ येतोय, १४० रु. किलो. नेहमीचा ७० ला मिळतो. बाबांसाठी हवाय. खरंच फायदा आहे का? संध्याकाळपर्यंत ऑर्डर द्यायचीय, लवकर सांगा.

पथ्यपाणी: बाबांना काय होतंय? वाण कुठला? हातसडी की पॉलिश?

घोडबंदरकर: शुगर. पिशवीवर नुसतं ‘लाल’ लिहिलंय.

पथ्यपाणी: मग ऑरगॅनिक हा मुद्दा दुय्यम. शेणखत घाला नाहीतर युरिया, १०० ग्रॅम तांदळात पिष्ट ७५-८० ग्रॅमच. शुगरला फरक पडतो वाणाने, कोंड्याने आणि मापाने. चिकट भातात अमायलोज (सावकाश पचणारं पिष्ट) कमी, म्हणून साखर पटकन चढते. कच्चा तांदूळ ४० ग्रॅम मोजून घ्या, म्हणजे पिष्ट ३० ग्रॅमच्या आसपास. सोबत डाळ-भाजी भरपूर.

सुगरण_ऐरोली: लाल तांदूळ सहा तास भिजवा, एकास तीन पाणी, मंद आचेवर पाच शिट्ट्या. नाहीतर सरळ इंद्रायणी घ्या, पारंपरिकच आहे.

भातखाचर: इंद्रायणी पारंपरिक नाही. आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ च्या संकरातून वडगाव मावळला काढलेला वाण आहे तो. शिवाय चिकट, इथे उपयोगाचा नाही.
@पथ्यपाणी, दुय्यम कसा? भाताच्या करपा रोगावर ट्रायसायक्लाझोल हे बुरशीनाशक मारतात. औषधांचे अंश तूस आणि कोंड्यात जास्त राहतात, पॉलिशमध्ये बरेच निघून जातात. हातसडी खाणारा कोंड्यासकट खातो, त्याने तरी बिनफवारणीचाच घ्यावा.

पथ्यपाणी: अंशांचं मान्य. पण आर्सेनिक हे विषारी द्रव्य माती-पाण्यातून येतं, ते सेंद्रिय शेतीने टळत नाही आणि तेही कोंड्यातच जास्त. सहापट पाण्यात शिजवून पेज काढली की कमी होतं. मात्र ब१ जीवनसत्त्वसुद्धा पेजेबरोबर जातं.

घोडबंदरकर: २५ किलोला सूट आहे. घेऊ?

भातखाचर: अजिबात नको! कोंड्यात तेल असतं, हातसडी तांदूळ खवट होतो, आपल्या दमट हवेत तर लवकरच. कांडपाची तारीख विचारा, महिन्यापुरता घ्या, फ्रीजमध्ये ठेवा. आणि आधी मूठभर हातावर घेऊन बघा. दाणा सगळीकडून लाल हवा. नुसते लाल पट्टे असतील तर पॉलिश झालंय, म्हणजे ज्यासाठी जास्त पैसे द्यायचे तो कोंडाच गेला. दाणा तोडला की आत पांढरा दिसला पाहिजे, आतपर्यंत लाल असेल तर रंग दिलाय.

 

घोडबंदरकर: नमुना बघितला, पट्टेच आहेत. प्रमाणपत्र नाही, पीजीएस ग्रीन आहे म्हणतात. चालेल?

भातखाचर: पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेतं तपासून दिलेली हमी. त्यात ग्रीन म्हणजे जमीन अजून सेंद्रियकडे वळवण्याच्या टप्प्यात आहे. पूर्ण झाल्यावर पीजीएस ऑरगॅनिक मिळतं. तेव्हा ऑरगॅनिकचा भाव देऊ नका, आणि पॉलिश न केलेला आहे का ते विचारा.