चेनचा ‘पिच’ : दोन दात्यांमधलं अंतर नव्हे

विचारणा – सिंदेवाही (चंद्रपूर)

बांधावरची वाळलेली बाभूळ आणि वादळात पडलेले निंब तोडायला ५२ सीसीची चेन मशीन आहे. बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, १८ इंची. चेन पार झिजली म्हणून नवी आणायला गेलो, तर दुकानदारानं विचारलं, “पिच कोणता? तीन सूत का तीनशे पंचवीस?” मला सांगता आलं नाही. घरी येऊन शोधलं, तर एके ठिकाणी ‘पिच म्हणजे दोन दात्यांमधलं अंतर’ असं लिहिलेलं सापडलं. पट्टी लावली तर एका दात्यापासून पुढच्या दात्यापर्यंत साधारण ३३ मिलिमीटर आलं. तीन सूत म्हणावं तर ते साडेनऊ मिलिमीटरच होतात. मग हा शब्द नेमकं कोणतं माप सांगतो?

उत्तर – आर्वी (वर्धा)

दादा, तुमचं मोजमाप बरोबर आहे, चूक त्या व्याख्येत आहे. ‘दोन दात्यांमधलं अंतर’ हा अर्थ करवतीला चालतो. तिथं दात्याला लागून दाता असतो. या चेनमध्ये दोन कापणाऱ्या दात्यांच्या मध्ये तीन कड्या येतात : बारच्या खाचेत उतरणारी एक, जोडपट्टीची एक आणि परत खाचेतली एक. पिच मोजायचा तो रिवेटांवरून. लागून असलेले तीन रिवेट घ्या, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला दोननं भागा. तो पिच.

दोननं का भागायचं, हे कळलं की शब्दही पक्का बसतो. सायकलच्या चेनमध्ये सगळ्या पिना सारख्या अंतरावर असतात. कोणत्याही दोन पिना मोजा, अर्धा इंचच भरेल. म्हणून सायकलवाला मिस्त्री सवयीनं इथंही दोनच रिवेट मोजतो आणि फसतो, कारण या चेनमध्ये एका कडीचं अंतर आणि तिच्या शेजारच्या कडीचं अंतर सारखं नसतं. दोन्ही मिळून सरासरी काढावी लागते.

आता तुमचे ३३ मिलिमीटर. एका दात्यापासून पुढच्या दात्यापर्यंत चार पिच होतात. ३३ भागिले ४ म्हणजे ८.२५ मिलिमीटर, म्हणजेच ०.३२५ इंच. तुमची चेन तीनशे पंचवीसची आहे. खात्रीसाठी तीन रिवेट मोजून पाहा, साडेसोळा मिलिमीटर यायला हवेत. तीन सुतीच्या चेनला तिथंच सहा सूत, म्हणजे पाऊण इंच, १९ मिलिमीटर भरतात. अडीच मिलिमीटरचा फरक साध्या पट्टीवरही दिसतो.

‘तीन सूत’ हा आपल्या मिस्त्र्यांचा शब्द मला फार आवडतो. इंचाचे आठ सूत, म्हणून ३/८ म्हणजे तीन सूत, हिशेब सरळ. पण चेनच्या बाबतीत तो अर्धवट पडतो. ३/८ मध्ये दोन जाती आहेत : मोठ्या मशीनची पूर्ण उंचीची आणि लहान मशीनची ठेंगणी, जिला लो प्रोफाइल म्हणतात. नावानं दोन्ही तीन सूतच, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. पहिलीला ५.५ किंवा ५.२ मिलिमीटरची गोल कानस लागते, दुसरीला ४ ची. म्हणून तीन सूत म्हणताना ‘मोठी’ का ‘लो प्रोफाइल’ हे जोडल्याशिवाय थांबू नये. ०.३२५ तर सुतात नीट बसतच नाही, अडीच सुतापेक्षा थोडं जास्त होतं. ते आकड्यानंच बोलावं.

विचारणा – अकोट (अकोला)

काका, माह्याकडं बी तशीच ५२ ची मशीन हाये. पडलेला साग कापाचा हाये, जाड हाये. तीन सुती मोठी चेन टाकली तं लवकर कापन का? दाते मोठे रायते म्हन्तेत.

उत्तर – आर्वी (वर्धा)

नका टाकू भाऊ. एक तर नुसती चेन बदलून भागत नाही. क्लचवरची गरारी, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, त्याच पिचची लागते, आणि बारच्या टोकाला चाक असेल तर तेही. तीनशे पंचवीसच्या गरारीवर तीन सुती चेन बसवली तर कड्या खाचांत नीट उतरत नाहीत. चेन उडते, गरारी खाल्ली जाते.

सगळं बदललं तरी ५२ सीसीला ते जड जातं. सात दात्यांची गरारी एक फेरा घेते तेव्हा ०.३२५ ची चेन सुमारे ११६ मिलिमीटर सरकते, ३/८ ची १३३. इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत चेन जास्त पळवायची आणि वर मोठा दाता लाकडातून ओढायचा. जाड खोडात इंजिनाचे फेरे कमी होतात, क्लच घसरून तापतो. मोठी तीन सुती चेन ६० सीसीच्या वरच्या मशीनला शोभते. त्याखाली, ४५ ते ५५ सीसीच्या मशीनला, ०.३२५ च बरी, असं माझं ठाम मत आहे. दाता लहान, पण तेवढ्याच लांबीत दाते जास्त, म्हणून काप गुळगुळीत आणि धक्का कमी.

सागात सिलिका असते, ती धार खाते. तिथं पिच वाढवून उपयोग नाही, कानस वेळेवर लावा. ०.३२५ ला कानस ४.८ मिलिमीटरची. तीन सुतीची मोठी कानस त्याच दात्यावर फिरवली की दात्याची आतली वाक सपाट होते, मग चेन कापण्याऐवजी घासत राहते. खोड जमिनीवर पडलेलं असेल तर सालीवरची माती आधी झाडून घ्या.

विचारणा – सिंदेवाही (चंद्रपूर)

मोजलं काका, साडेसोळाच आलं. मराठीत याला ‘कडीमाप’ म्हणावं का? गावातल्या पोरांना सांगायला सोपं जाईल.

उत्तर – आर्वी (वर्धा)

समजावताना म्हणा, शब्द छान आहे. दुकानात मात्र ‘पिच’च म्हणा, कारण ‘कडीमाप’ ऐकून कोणी कडीची जाडी समजेल. ती वेगळी, तिला गेज म्हणतात. खाचेतली कडी किती जाड, ते गेज. ०.३२५ मध्येच ०.०५०, ०.०५८ आणि ०.०६३ इंच असे तीन गेज मिळतात. आपल्याकडं येणाऱ्या चिनी ५२ सीसीच्या मशीनला बहुतेक ०.०५८ असतो. ओरेगॉन कंपनीची चेन असेल तर खाचेतल्या कडीवर २१ छापलेलं दिसेल, ते म्हणजे ०.३२५ आणि ०.०५८. श्टील (Stihl) कंपनीच्या चेनवर दात्यापुढच्या उंचवट्यावर पिचचा आकडा असतो : २ म्हणजे ०.३२५, ३ म्हणजे ३/८.

तिसरी गोष्ट, लिंक मोजा. खाचेत उतरणाऱ्या कड्याच मोजायच्या. १८ इंची बारला बहुधा ७२ निघतात, तरी जुनी चेन हातात घेऊन मोजाच. मग दुकानात एवढंच म्हणायचं : “तीनशे पंचवीस, अठ्ठावन्न, बाहत्तर लिंक.”

आणि नवी चेन चढवण्याआधी गरारी पाहा. दात्यांवर अर्ध्या मिलिमीटरएवढा खड्डा पडला असेल तर ती बदला. चेन वापरून ‘लांबली’ म्हणतो ना आपण, तेव्हा रिवेट झिजून तिचा पिचच वाढलेला असतो आणि गरारी त्या वाढलेल्या पिचप्रमाणं झिजत जाते. तिच्यावर कोरी चेन घातली तर तीही लवकर लांबते. दोन चेना संपल्या की एक नवी गरारी, हा हिशेब ठेवा.