अनुभव धागा : गडद रंग, नक्षीदार कापड आणि आपली सातारा-सांगलीची घरं

धागा काढणारी, सांगली
पांढरट भिंती आणि बदामी पडदे सोडून गेरू, मोरपिशी, हळदी, खण, अजरख (लाकडी ठशांनी छापलेलं), इकत (सूत आधी रंगवून विणलेलं) असलं काही घरात वापरणाऱ्यांनी किंवा दुसऱ्यांना करून देणाऱ्यांनी इथे लिहा. मापं हवीत, मीटर हवेत, काय बिघडतं आणि का तेही हवं.

शिवणकाम, मिरज
नक्षीच्या पडद्यात सगळा घोळ कापडाच्या हिशेबात होतो, म्हणून उदाहरणच देते. खिडकी ४ फुटांची, दोन्ही बाजूंना ६-६ इंच जास्त धरून रॉड ६० इंच. चुण्या भरून पडायला दुप्पट कापड, म्हणजे १२० इंच. पन्ना ४८ असेल तर तीन तुकडे लागले. पडद्याची तयार उंची ८४, खाली दुमडायला ६ आणि वर ४, एकूण ९४ इंच. साध्या कापडात ३ × ९४ = २८२ इंच, सव्वासात मीटरमध्ये काम होतं.

आता तीच नक्षी दर २५ इंचांनी पुन्हा येत असेल, तर प्रत्येक तुकडा १०० इंचांचा घ्यावा लागतो. नाहीतर एका तुकड्यावर फूल वर आणि शेजारच्यावर मध्येच. ३०० इंच म्हणजे ७.६२ मीटर. दुकानातलं तिरपं टोक सरळ करायचं आणि पहिला काप नक्षीच्या सुरुवातीला घ्यायचा, हे धरून ८ मीटर आणा. सुती कापड कापण्याआधी धुवाच. ५ टक्के आटलं तरी १०० चे ९५ राहतात, ९४ ची गरज भागते. शिवून झाल्यावर आटलं तर मात्र पडदा जमिनीपासून चार बोटं वर लटकतो.

कापताना टेपवर विसंबू नका, प्रत्येक तुकडा त्याच फुलाच्या त्याच पाकळीपासून सुरू करा. जोडाला एका तुकड्याची माया, म्हणजे शिलाईसाठी सोडलेली कड, इस्त्रीने आत दुमडायची, दुसऱ्यावर नक्षी जुळवून ठेवायची, आधी हाताने कच्चा टाका, मग मशीन. तीन तुकडे दोन पडद्यांत वाटले की प्रत्येकाला दीड येतो, त्यातला अर्धा तुकडा पडद्याच्या बाहेरच्या कडेला लावा. तिथला जोड चुण्यांत लपतो.

रंगकाम, कराड
गडद रंगासाठी कंपनीचा वेगळा बेस, म्हणजे ज्यात रंग मिसळतात तो मूळ डबा, असतो. पांढऱ्या बेसमध्ये कितीही रंग ओतला तरी तो फिकाच राहतो. प्रायमर पांढरा न मारता त्याच रंगाच्या जवळ नेलेला किंवा राखाडी मारा. लाल आणि पिवळ्याची झाकण्याची ताकद कमी असते, त्यांना तिसरा हात (थर) लागतोच. गुळगुळीत भिंतीवर १ लिटरमध्ये अंदाजे १२० चौरस फुटांवर दोन हात बसतात. १२ × १० फुटांच्या भिंतीला तिसऱ्या हातासकट दीड लिटर लागेल, पण २ लिटर एकदमच मिसळून घ्या. नंतर आणलेल्या डब्यात किंचित फरक येतो आणि गडद रंगात तो लगेच दिसतो. डबे दोन असतील तर बादलीत एकत्र करा.

मॅटवर ओरखडा पडला की तेवढ्याच जागी रंग लावू नका, ठिगळ दिसतं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत घ्या. उलट चकाकी असलेला रंग पुसता येतो, पण लांबी (पुट्टी) नीट घासलेली नसेल तर खिडकीच्या तिरप्या उजेडात प्रत्येक उंचवटा दाखवतो. माझं मत विचाराल तर बैठकीला मॅट आणि बोळात हलकी चकाकी.

नदीकाठचा भाग, सांगली
कराडकरांच्या यादीआधी एक पायरी आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेल्या भिंती वरून कोरड्या वाटल्या तरी विटांत मुरलेले क्षार राहतात. ओल आली की ते बाहेर येतात आणि गडद निळ्यावर पांढरे ढग उमटतात. दोन फूट चौरस प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव धरलं तर रंगाची घाई नको. क्षार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतलेत तर ते परत आत मुरतात.

अशा घरात रंगाची हौस कापडाने भागवता येते. २ × ३ फुटांची लाकडी चौकट, कापड चारही बाजूंनी ३ इंच जास्त. स्टेपल प्रत्येक बाजूच्या मध्यापासून मारत कोपऱ्याकडे जा, कोपरे शेवटी. कोपऱ्यापासून सुरुवात केली की इकताच्या रेषा वाकतात. चौकटीमागे अर्ध्या इंचाचे ठोकळे लावा, हवा खेळती राहते. भाड्याच्या घरातही हे चालतं.

वाई
जुन्या वाड्याच्या चुन्याच्या भिंतीवर प्लॅस्टिक पेंट नको, आतली ओल कोंडते आणि पोपडे सुटतात. चुन्यातच रंग मिसळा. गेरू टिकतो, भुकटीची नीळही टिकते. कपड्यांची पातळ नीळ चुन्यात घालू नका. रंग आधी भिजवून, गाळून घ्या, गाठ राहिली तर रेघ ओढली जाते. ओला चुना वाळल्यावर बराच फिका होतो, त्यामुळे नमुना पूर्ण वाळेपर्यंत थांबा. नमुना सकाळी, चार वाजता आणि दिव्याखाली बघा. पिवळसर ३००० केल्विनच्या दिव्यात गेरू खुलतो आणि निळा मळकट होतो, पांढऱ्या ६५०० च्या ट्यूबखाली नेमकं उलटं.

विटा
नक्षी एकत्र आणताना एक मोठी, एक मध्यम, एक बारीक, आणि तिन्हींत एक रंग समान. पट्टे कशाशीही जमतात.

दहिवडी
डोळ्याला विसावा हवा असेल तर काळी घोंगडी. न रंगवलेली लोकर असते, शेजारी कितीही भडक उशा ठेवा. कसर लागू नये म्हणून मधूनमधून झटकून उन्हात टाका. पश्चिमेच्या खिडकीत लाल-जांभळा पडदा बिनअस्तराचा लावला तर घडीच्या कडांवर आधी विटतो, पांढरं सुती अस्तर घाला.

पाटण
आमच्याकडच्या पावसाळ्यात पडद्यांना खळ नको, तिच्यावर बुरशी वाढते. पडद्याची खालची कड फरशीपासून इंचभर वर ठेवा.

तासगाव
वाकळ (गोधडी) भिंतीवर लावायची तर खिळे किंवा चिमटे नकोत, वजनाने टाके तुटतात. मागे वरच्या कडेला ४ इंची सुती नळी हाताने शिवा आणि तिच्यातून दांडी घाला. टाका मागच्या थरांतून घ्या, पुढच्या तुकड्यांना ओढ बसता कामा नये.

धागा काढणारी, सांगली
मिरजेच्या ताई, खणाच्या उशांबद्दलही सांगा ना. आणि अजरख पांढऱ्या सोफ्यावर चालेल का?

शिवणकाम, मिरज
खणाचा पन्ना लहान, धागे निसटतात. मागून इस्त्रीने चिकटणारं पातळ फ्यूजिंग लावा, मगच कापा. १६ इंची उशीला १७ × १७, कडा ओव्हरलॉक, टीप दुहेरी. मागची बाजू साध्या सुती कापडाची करा, टेकून बसलं तरी खण ताणला जात नाही.

अजरखचं आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने दहा-बारा वेळा घासून बघा. निळा फडक्यावर आला तर वेगळा धूत राहा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मिठाच्या पाण्यावर भरवसा ठेवू नका, कापडावर न बसलेला जादा रंग निघूनच जायला हवा. अजरखमधली नीळ धुतल्यावरही घासून उतरू शकते. म्हणून पांढऱ्या सोफ्यावर अजरखची पाठटेकीची उशी नको, तीच गादीच्या पायथ्याशी पट्टा म्हणून टाका.