मदत हवी आहे: आईसाठी ए-350 की 787?

आईला (वय 71) मुंबईहून लंडनला न्यायचंय, थेट विमानाने, इकॉनॉमीतच. बिझनेस क्लास बजेटबाहेर आहे, कृपया सुचवू नका. एका फ्लाइटला बोइंग 787 आहे, दुसरीला एअरबस ए-350. भाड्यात फारसा फरक नाही. व्हीलचेअर दोन्हीकडे मिळतेय.

मागच्या वेळी जुन्या विमानात दहा सीटच्या रांगेत अडकलो होतो. उतरेपर्यंत तिचे पाय इतके सुजले की चपलेचा पट्टा लागेना, घसाही कोरडा. म्हणून यंदा आधी विमान बघतोय.

एवढं वाचून झालंय: दोन्हींत केबिनमधला हवेचा दाब सुमारे 6000 फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात, जुन्यांत तो 8000 पर्यंत जायचा. म्हणजे तिथे बरोबरी. रांगही दोन्हीकडे 3-3-3, पण ए-350 ची केबिन आतून 12 सेंटीमीटरच्या आसपास जास्त रुंद, त्यामुळे सीट साधारण 18 इंच, 787 मध्ये 17 च्या थोडी वर. 787 च्या खिडक्या मोठ्या. शटर नाही, बटण दाबलं की काच निळी पडते. आईला झोपायला मिट्ट काळोख लागतो, त्यामुळे ते कौतुक आमच्या काय कामाचं! सीट मॅप पाहिले, त्यावरून अंदाज येत नाही.

डॉक्टरांचा सल्ला घेतलाय, तो प्रश्न नाही. दोन्ही विमानांतून आठ-नऊ तास इकॉनॉमीत बसलेल्यांनीच सांगा: तो पाऊण-एक इंच खांद्याला, कोपराला खरंच जाणवतो का? आणि 787 ची काच भर दुपारी झोपण्याइतका अंधार करते का?