छोट्या हॉलमध्ये मराठी पंक: शब्द ऐकू यावेत म्हणून काय करायचं?

पेठेतला_बेस

पुण्यात नवी पेठेत एका रविवारी संध्याकाळी कार्यक्रम ठरतोय. कंत्राटी सफाई कामगारांच्या युनियनसाठी निधी गोळा करायचा आहे. गिटार, बेस, ड्रम आणि गायिका असा चौघांचा संच. गाणी सगळी मराठी पंक, म्हणजे वेगवान, ओरडून म्हणायचं रॉक. वेग मिनिटाला 170 ते 190 ठोके.

हॉल 30 फूट लांब, 20 फूट रुंद, उंची साडेदहा फूट. शहाबादी फरशी, उघड्या भिंती, एका बाजूला रस्त्याकडच्या खिडक्या. सामान: 12 इंची दोन पॉवर्ड स्पीकर, आठ चॅनलचा मिक्सर, दोन डायनॅमिक माइक, 40 वॉटचा गिटार कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात), 100 वॉटचा बेस कॉम्बो. मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, नाही.

अडचण एकच आहे. जात, कंत्राट, थकलेला पगार यांवर गाणी लिहिलीत आणि तालमीत एक शब्द कळत नाही. आवाज वाढवला की माइक शिट्टी मारतो. शंभर माणसं येतील असा अंदाज आहे. परवानगी, दाराशी घ्यायचे पैसे आणि गाण्यांची पुस्तिका याबद्दलही सांगा.

---

सतरंजी

आवाज लावायचा क्रम बहुतेक ठिकाणी उलटा असतो. ड्रमर वाजवतो, त्याच्यावर गिटार चढते, मग उरलेल्या जागेत गायिकेला कोंबतात. छोट्या खोलीत सगळ्यांत आधी संपते ती माइकची मर्यादा, म्हणून सुरुवात तिथून करा.

सगळी वाद्यं बंद ठेवा. गायिकेला तिच्या जागी, तिच्या खऱ्या जोरानं ओरडू द्या. मिक्सरवरची तिच्या आवाजाची सरकपट्टी (फेडर) वर नेत राहा. शिट्टीची पहिली चाहूल लागली की 4 ते 6 डेसिबल खाली या. आवाजाची कमाल पातळी ती. आता बेस आणि गिटार एकेक करून आत आणा आणि शब्द बुडायला लागले की त्यांना तिथेच थांबवा. ड्रमला व्हॉल्यूमचं बटण नाही, त्यामुळे ड्रमरनं हात आवरायचा. 5बीच्या जागी बारीक 7ए काठ्या, स्नेअरवर (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर) टेपची घडी, किकच्या (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) आत गोधडी. ड्रमखाली जाड सतरंजी हवीच, नाहीतर शहाबादीवर किक पुढे सरकत राहतो.

स्पीकर गायिकेच्या पुढे, स्टँडवर, हॉर्न (वरचे सूर फेकणारा भोंगा) उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर येईल असे. स्पीकर गायिकेच्या पाठीमागे गेला की तो थेट माइकच्या तोंडात वाजतो आणि शिट्टी ठरलेली. मॉनिटर नाही म्हणून कुणीतरी मेन स्पीकर आत वळवेल. ते होऊ देऊ नका. दुसरा कुठला छोटा स्पीकर मिळाला तर तो गायिकेच्या समोर, माइकच्या थेट पाठीमागच्या दिशेला, तिच्याकडे तोंड करून जमिनीवर ठेवा. साध्या कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज पकडणाऱ्या) माइकला पाठीमागून सगळ्यांत कमी ऐकू येतं. सुपरकार्डिऑइड (त्याहून अरुंद पकडीचा) असेल तर मात्र थोडं तिरक्यात ठेवा, कारण तो नेमका पाठीमागून थोडं ऐकतो.

माइकची जाळी मुठीत धरायची नाही. फोटोत छान दिसतं, पण मागची छिद्रं बंद झाली की माइक चारही बाजूंनी ऐकायला लागतो आणि शिट्टी लगेच येते. बोटं दांड्यावर, ओठ जाळीला टेकलेले. दोन इंच लांब गेलात तर ड्रमची झांज तुमच्यापेक्षा जास्त आत शिरते. गायिका झांजेच्या सरळ रेषेतही नको, दोन पावलं बाजूला उभी करा.

मिक्सरवर आवाजाच्या चॅनलचं लो-कट (खालची घरघर कापणारं बटण) दाबा. 250 ते 400 हर्ट्झच्या आसपास थोडं कमी करा, घोगरेपणा तिथे असतो. च, त, स, श ही अक्षरं ओळखू येतात ती वरच्या 2 ते 5 हजार हर्ट्झमुळे. बऱ्याच गिटारवाल्यांचा ट्रेबल आणि प्रेझेन्स (आवाज तीक्ष्ण करणारी बटणं) तिथेच ठासलेला असतो. गिटारचा गेन (आवाज फाडणारं बटण) तालमीत असतो त्याच्या निम्मा करा, मिड वाढवा, ट्रेबल उतरवा. एकट्यानं ऐकताना ती गिटार बोथट वाटेल, संचात बसली की भरदार होते. कॉम्बो खुर्चीवर तिरका ठेवा, म्हणजे तो गिटारवाल्याच्या पोटऱ्यांऐवजी कानाला लागेल आणि त्याचा हात आपोआप बटणावरून खाली येईल.

ड्रमच्या मागच्या भिंतीवर आणि समोरच्या शेवटच्या भिंतीवर जाड गोधड्या किंवा मांडववाल्याचे पडदे टांगा, भिंतीपासून चार बोटं सोडून. यानं आवाज बाहेर जायचा थांबणार नाही, खोलीतला घुमारा मात्र कमी होईल. रिकाम्या हॉलमध्ये वाईट वाटलं तरी घाबरू नका. माणसं भरली की तीच आवाज शोषतात.

आणि कान सांभाळा. 100 डेसिबलला पंधरा मिनिटं हीच सुरक्षित मर्यादा धरतात. मेडिकलच्या दुकानातून फोमचे बोळे आणून दाराशी वाटीत ठेवा.

---

झीलकरी

वरचं सगळं बरोबर आहे. पण निम्मा घोटाळा वहीत असतो. गाणं लिहितानाच शब्द बुडालेले असतील तर मिक्सर काय करणार?

वेग 180 धरा. चार ठोक्यांचं एक आवर्तन सव्वा सेकंदापेक्षा थोडं जास्त, 1.33 सेकंद. त्यात अर्ध्या ठोक्याची आठ घरं. आठही घरांत अक्षर भरलं तर सेकंदाला सहा अक्षरं होतात. बोलताना ती निघतात. ओरडताना निघत नाहीत, कारण श्वासाला जागा नाही. दुसरं असं की मराठीत दीर्घ स्वराला वेळ लागतो. अर्ध्या ठोक्यात कोंबलं की ‘कामगार’चं ‘कमगर’ होतं.

याला आपल्याकडे जुनं औषध आहे. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. एक चरण एका आवर्तनात टाका. पहिल्या तिन्हींत दोन-दोन घरं रिकामी राहतात, चौथ्यात चार. तीन छोटे श्वास आणि शेवटी निम्मं आवर्तन मोकळं. नमुन्यादाखल:

कंत्राट संपलं
पगार थांबला
झाडू न थांबला
रस्ता साफ

शेवटच्या मोकळ्या जागेत मागच्या दोघांनी ‘साफ! साफ!’ ही झील उचलायची. पोवाड्यात झीलकरी करतात तेच काम. शाहिराला दम मिळतो, आणि ज्याचा शब्द हुकला त्याला तो परत ऐकू येतो. परदेशी पंकमध्येही सगळ्यांनी मिळून ओरडायचं धृपद असतं, तर ही जागा दोन्हीकडून तयारच आहे.

एक खाच आहे. कागदावर ‘कंत्राट संपलं’ सहा अक्षरं, तोंडात मात्र ‘कंत्राट् संप्‌लं’, म्हणजे चारच. कीर्तनकार सहाही उच्चारतो, पेठेतला माणूस चार. दोन्ही चालतं, पण गायिका आणि झीलवाले यांनी एकच ठरवा. एकानं सहा आणि दुसऱ्यानं चार म्हटलं की धृपद फाटतं आणि श्रोत्याला नुसता गोंगाट ऐकू येतो. तालमीत टाळी वाजवत, वाद्यांशिवाय, चौघांनी म्हणून बघा.

ठोक्याच्या पहिल्या घरात दीर्घ स्वर किंवा जोडाक्षर ठेवा. क्रॅश झांज शब्दावर कधीच मारू नका, शब्द संपल्यावर मारा. पोवाड्यातही डफाची मोठी थाप दोन ओळींच्या मधे येते. सत्यशोधकी जलसे आणि नंतरचे आंबेडकरी जलसे माइकशिवाय वाड्यावस्त्यांवर झाले ते याच शिस्तीवर. ते शब्द लोकांपर्यंत पोचवायलाच निघाले होते.

आणि गाणी कार्यक्रमाच्या आधी युनियनच्या बायकांना वाचून दाखवा. हातमोजे, गमबूट, हजेरी, मुकादम हे शब्द त्यांच्या तोंडी कसे येतात ते ऐका. तुमच्या ओळीत खोट असेल तर त्या लगेच सांगतील. ओळ त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बदला.

---

हलगी_कडाडली

माझं मत वेगळं. या खोलीत पूर्ण ड्रमसेट नकोच. किक, स्नेअर आणि हाय-हॅट ठेवा, दोन्ही क्रॅश घरी ठेवा. वेगाचा जोर स्नेअरमध्ये असतो. मात्र झांजेऐवजी हलगी आणायचा मोह झाला तर सांभाळून. काडीचा तो कडक आवाज नेमका व्यंजनांच्या जागी येतो आणि फरशीवरून दुप्पट होऊन परततो. हलगी घ्यायची तर प्रवेशाला, गाण्याच्या आधी घ्या.

---

पेठेतला_बेस

दोन्ही क्रॅश काढून आज करून बघतो. अजून एक: हॉलमधले काही सॉकेट जुने दोन पिनांचे आहेत आणि माइकला ओठ लागला की गायिकेला झिणझिण्या येतात. माइक खराब आहे का?

---

अर्थिंग_बघा

माइक ठीक आहे. हा प्रश्न सगळ्यांत आधी सोडवा, त्याशिवाय तालीमही करू नका. गिटारच्या तारा अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि माइकची जाळी मिक्सरच्या. अँप एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्यावर, आणि एकाला अर्थिंग नसेल तर दोन्हींमध्ये व्होल्टेज तयार होतं. हात तारांवर, ओठ जाळीवर, मधला रस्ता म्हणजे तुमचं शरीर. घामानं ओलं असेल तर जीव जाऊ शकतो.

मल्टिमीटर एसीवर लावा. एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. जवळपास शून्य यायला हवं. दहा-वीस व्होल्ट दिसले तरी थांबा. मग सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही मोजा, दोन्ही 230च्या आसपास हवेत. फेज-अर्थ कमी किंवा डळमळीत आलं तर त्या सॉकेटला अर्थिंग नाही.

उपाय असा: सगळं सामान, स्पीकरसकट, अर्थिंग तपासलेल्या एकाच 16 अँपिअरच्या सॉकेटवरून, तीन कोअरच्या जाड केबलनं. तुमचा भार त्यात सहज बसतो, 16 अँपिअर म्हणजे साडेतीन हजार वॉटच्या वर. मधे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असलेला बोर्ड लावा. तपकीर गल्लीत सुटे भाग मिळतात, जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. घरघर जावी म्हणून प्लगची अर्थ पिन कापायची नाही. कुणी सुचवलं तरी नाही. हॉलमध्ये कुठेच अर्थिंग नसेल तर हॉल बदला.

---

दाराशी_बसणारी

आधी माणसांचा हिशोब. 600 चौरस फुटांतले 150 वाद्यांना गेले, उरले 450. उभ्या माणसाला सहा-सात चौरस फूट धरले तर 65 ते 75 माणसं. शंभर नकोत. जास्त आले तर त्याच संध्याकाळी दोन खेळ करा, साडेपाच आणि साडेसात. हडपसर-भोसरीकडच्या कामगारांना बस मिळते आणि नऊच्या आत आवाज बंद होतो.

ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम वाचून ठेवा. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री 10 ते सकाळी 6 मनाई आहे, बंद सभागृहाला त्यात सवलत असली तरी खिडक्या उघड्या असतील तर त्या सवलतीवर विसंबू नका. रहिवासी भागाची दिवसाची मर्यादा 55 डेसिबल. शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्यापासून 100 मीटरचा भाग शांतता क्षेत्र असू शकतो, तेव्हा नकाशावर अंतर मोजून घ्या.

अर्ज स्थानिक पोलीस ठाण्यात, निदान पंधरा दिवस आधी, दोन प्रतींत. तारीख, वेळ, जागा, स्पीकर किती, अपेक्षित माणसं, दोन जबाबदार व्यक्तींचे फोन, हॉलच्या मालकाचं संमतिपत्र. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. तोंडी ‘करा करा’ ऐनवेळी कामाला येत नाही. तिकीट लावणार असाल तर करमणुकीचा वेगळा परवाना लागतो का तेही तिथेच लेखी विचारा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश लागू आहे का ते त्या आठवड्यात बघा. त्यात सार्वजनिक गाणी-वाद्यांनाही बंदी घालता येते. जमावबंदीचा आदेश शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांच्या पुढे राहत नाही, म्हणून तारखा तपासत राहा.

स्वतःची गाणी असतील आणि ती कुठल्या संस्थेकडे नोंदवलेली नसतील तर गाण्यांचा परवाना लागत नाही. मधल्या वेळात फोनवरून रेकॉर्डिंग लावलंत तर लागतो. त्या वेळात युनियनच्या प्रतिनिधीला दहा मिनिटं बोलू द्या, मधेच, लोक जागेवर असताना.

पैसे: फुगाझीसारख्या मोठ्या पंक बँडनं अमेरिकेत वर्षानुवर्षं पाच डॉलरचं तिकीट ठेवलं आणि सगळ्या वयाच्या लोकांना आत घेतलं. तुम्ही ‘सुचवलेली रक्कम 100, नसेल तर तसेच आत या’ अशी पाटी लावा. निधी तुमच्या खात्यात अजिबात घेऊ नका. युनियनचं पावतीपुस्तक आणि युनियनचा क्यूआर टेबलावर, युनियनचाच माणूस बसलेला. हॉल आणि छपाईचा खर्च बँडनं वेगळा उचलावा, म्हणजे हिशोबात गुंता होत नाही. जमाखर्च त्याच रात्री दारावर चिकटवा.

पुढची सहा फुटांची पट्टी बायकांसाठी. नव्वदीच्या सुरुवातीच्या रायट गर्ल या पंकमधल्या बायकांच्या चळवळीतली ही मागणी आजही तितकीच गरजेची आहे. दोन माणसं दंडाला लाल पट्टी बांधून फक्त यासाठी उभी करा, आणि कुणी अंगचटीला आलं तर गाणं थांबवायची खूण आधी ठरवा.

---

सायक्लोस्टाइल

पुस्तिकेचं थोडक्यात. ए-4 चार कागद, दोन्ही बाजू, मधे घडी, म्हणजे ए-5ची सोळा पानं. पानं चारच्या पटीतच हवीत. चारही बाजूंना 10 मिलिमीटर समास सोडा, झेरॉक्स मशीन कडेचा भाग खातं. देवनागरी 11 पॉइंटपेक्षा लहान नको, मंद उजेडात रफार दिसत नाही. फाइल पीडीएफ करून, फॉण्ट आत बसवूनच न्या. दुकानाच्या संगणकावर वर्डची फाइल उघडली की वेलांट्या उड्या मारतात. पूर्ण काळं पान ठेवू नका, 70 जीएसएमच्या कागदावर मागून दिसतं आणि घडीवर शाई उडते. कागद अप्पा बळवंत चौकात घ्या, घडीवर टाचायला लांब हाताचा स्टेपलर लागतो.

गाण्यांचे सगळे शब्द छापा, कारण पहिल्या ऐकण्यात निम्मेच कळतात. उरलेल्या पानांवर कामगाराच्या हाती लागेल अशी माहिती: पगार थकला तर कंत्राटदाराबरोबर मूळ मालकावरही जबाबदारी येते, गटारात मृत्यू झाल्यास 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2023मध्ये सांगितलं, युनियनचा पत्ता आणि बैठकीचा वार. मुखपृष्ठावर किंमत ठळक टाका. क्रास हा इंग्लंडचा पंक बँड रेकॉर्डच्या कव्हरवरच ‘यापेक्षा जास्त देऊ नका’ असं छापायचा, दुकानदाराला भाव वाढवता येऊ नये म्हणून.

दाराशी देताना गाण्याच्या क्रमानंच पानं लावा. पहिलं गाणं सुरू झालं की लोक पान उघडून सोबत म्हणतात, म्हणून त्या बाजूची एक ट्यूबलाइट चालू राहू द्या.