सनी रॉलिन्सने हेरॉईन सोडलं ते फक्त मनाच्या बळावर?

खर्ज:
परवा गप्पांत एकाने अमेरिकन जॅझमधल्या सॅक्सोफोनवाल्या सनी रॉलिन्सबद्दल छातीठोकपणे सांगितलं, "त्याने मनावर घेतलं आणि सोडलं. बाकीचे कच्चे निघाले." हे मला अजिबात पटत नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला हा पोरगा विशीतच हेरॉईनच्या आहारी गेला. १९५० मध्ये सशस्त्र चोरीत सापडला, दहा महिने रायकर्स आयलंडच्या तुरुंगात काढले. सुटल्यावर पुन्हा तेच. फरक पडला तो १९५५ मध्ये, केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी इस्पितळात. मेथाडोनचा, म्हणजे हेरॉईनची ओढ कमी करणाऱ्या औषधाचा, उपचार तेव्हा प्रयोगाच्या पातळीवर होता, त्यासाठी तो स्वतःहून तयार झाला. बाहेर आल्यावर लगेच न्यूयॉर्कच्या क्लबांत परतला नाही. शिकागोत झाडलोट केली, ट्रकमध्ये माल चढवला. मग ड्रमवादक मॅक्स रोच आणि क्लिफर्ड ब्राऊनच्या चमूत गेला. ब्राऊन ट्रम्पेटचा बादशहा, पण नशेला शिवायचा नाही. हे सगळं जुळून आलं म्हणून तो उठला.

मारवा:
साफ असहमत. लेक्सिंग्टनला कितीतरी वादक जाऊन आले आणि पुन्हा त्याच वाटेला लागले. इस्पितळ तर सगळ्यांना तेच होतं ना? १९५३ च्या एका रेकॉर्डिंगला त्याचा आदर्श असलेल्या सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करने विचारलं तेव्हा रॉलिन्सने "सोडलंय" अशी थाप मारली. पार्कर खूश झाला. नंतर खरं कळलं आणि त्याचा चेहरा पडला. ते रॉलिन्सच्या जिव्हारी लागलं. खरोखर सोडून पार्करला दाखवायचं त्याने ठरवलं, पण १२ मार्च १९५५ ला पार्कर गेला, वय अवघं ३४. हे शल्य कुठल्या डॉक्टरने दिलं?

मांडवीकाठ:
मारवा, जरा थांबा. माझे काका मुंबईत ट्रम्पेट वाजवायचे. दारूपायी सगळं गेलं. मग सोडली, आणि खरीच सोडली. पण नंतर बोलावणंच येईना. ज्याच्याकडे जात तो म्हणे, "पुढच्या महिन्यात बघू." खाटेखालची ट्रम्पेटची पेटी ते रोज संध्याकाळी ओढून काढत, झडपांना तेल घालत, तिन्ही दाबून बघत आणि तोंडाला न लावताच परत ठेवत. दीड वर्षाने बाटली परत घरात आली. त्यांचं मन कच्चं होतं असं मी कुणालाही म्हणू देणार नाही. न्यूयॉर्कमध्ये तर क्लबात वाजवायला पोलिसांचं कार्ड लागायचं. नशेच्या गुन्ह्यात ते गेलं की पोटावरच पाय. १९६७ पर्यंत हे चाललं.

मारवा:
काकांचं वाचून वाईट वाटलं, त्यांना मी कच्चं म्हणणार नाही. पण रॉलिन्सचं पुढचंही बघा. २२ जून १९५६ ला त्याने 'सॅक्सोफोन कलोसस' हा अल्बम रेकॉर्ड केला. चारच दिवसांनी क्लिफर्ड ब्राऊन मोटार अपघातात गेला, वयाच्या २५ व्या वर्षी. खर्ज म्हणतात ती सोबतच तुटली. तरी हा माणूस हेरॉईनकडे वळला नाही.

खर्ज:
हा मुद्दा मला मान्य करावाच लागेल. ब्राऊन गेल्यावर त्याला कुणी धरून ठेवलं होतं असं मी म्हणू शकत नाही. पण तोवर त्याला वर्षभर नशेविना जगण्याची सवय लागली होती, हातात काम होतं, लोक ऐकायला येत होते. काकांना यातलं काहीच मिळालं नाही. पुढे १९५९ मध्ये, नाव जोरात असताना, "माझं वाजवणं अजून कमी पडतंय" म्हणून तो मंचावरून बाजूला झाला आणि दोन वर्षं विल्यम्सबर्ग पुलावर रियाज करत राहिला, कधी कधी दिवसाला पंधरा तास. थंडीतसुद्धा. मंच सोडला तरी नशेकडे न जाणारा माणूस तोवर तयार झाला होता.

पवईकर:
साठच्या दशकाच्या अखेरीस तो आमच्या पवईच्या आश्रमात काही महिने राहून योग आणि ध्यान शिकला होता. आश्रमाच्या त्या चढावरून मी रोज जातो. मारवांच्या बाजूने म्हणेन, सोडून दहा-बारा वर्षं झाल्यावरही तो स्वतःवर काम करतच होता.

मांडवीकाठ:
आणि तो परत गेला तेव्हा मंच त्याची वाट बघत होता. काकांची पेटी आता माझ्याकडे आहे. मधली झडप अडकलीय.